मोटरहोममध्ये सहा माणसांचं चार्जिंग: इन्व्हर्टर घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब कशावर बेतलाय ते कळेल. तुम्ही दोघं, तीन मुलं आणि सासूबाई अशी सहा माणसं. तीन आठवडे मोटरहोममध्ये राहायचं, त्यातल्या बहुतेक रात्री विजेची जोडणी नसलेल्या जागी. सोबत पाच फोन, दोन टॅब्लेट, कामाचा एक लॅपटॉप, कॅमेरा, ई-रीडर, हेडफोन, घड्याळं आणि सासूबाईंचं सीपॅप यंत्र (झोपेत श्वास सुरळीत ठेवण्यासाठी रात्री लावायचं). गाडीत राहण्याच्या भागासाठी वेगळी बॅटरी आहे, १०० अँपिअर-तासांची, एजीएम प्रकारची (हा लेड-ॲसिड बॅटरीचाच एक प्रकार). छतावर १०० वॅटचं सोलर पॅनेल. आणि तुम्हाला सल्ला मिळालाय की २००० वॅटचा इन्व्हर्टर बसवा, घरच्यासारखे प्लग मिळतील, सगळ्यांचे चार्जर तिथेच लावा.

चार्जिंगसाठी इन्व्हर्टर घेऊ नका. गेली अठरा वर्षं मी मोटरहोमच्या बारा व्होल्टच्या वायरिंगचं काम करतोय. ‘बॅटरी रोज सकाळी उतरलेली असते’ म्हणून ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांत फोन आणि टॅब्लेट हे खरं कारण क्वचितच निघालं. बहुतेक वेळा चोवीस तास चालू राहिलेलं काहीतरी सापडायचं, आणि त्यात इन्व्हर्टर सगळ्यात पुढे.

आता आकडे बघू. आजच्या साध्या फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. तिचा व्होल्टेज ३.८५ धरला तर ती १९ वॅट-तासांची होते. चार्ज करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून गाडीच्या बॅटरीतून २५ वॅट-तास जातील असं धरा. पाच फोन रोज पूर्ण उतरून पूर्ण भरले तर १२५. टॅब्लेटला नुकसानासकट साधारण ३५, म्हणजे दोघांचे ७०. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी ६० वॅट-तासांची आहे. कामाच्या दिवशी ती दीड वेळा लागेल असं समजू, तर १००. कॅमेरा, घड्याळं, हेडफोन, ई-रीडर यांचे मिळून २५ पुरे. ई-रीडर तर आठवड्यातून एकदाच मागतो. बेरीज ३२० वॅट-तास. बारा व्होल्टने भागलं की २७ अँपिअर-तास.

तुमच्या एजीएम बॅटरीवर १०० लिहिलेलं असलं तरी ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे रोजचे वापरायचे ५०. त्यातले २७ उपकरणांना. दिवे, पाण्याचा पंप आणि छतावरचा पंखा यांना उरलेले २३ पुरतात. म्हणजे दिवसभरात काहीही भरलं गेलं नाही, तरी सीपॅप सोडून एक दिवस निभावतो; सीपॅपचा हिशेब शेवटी वेगळा करू. हा आकडा ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण डोक्यात चित्र असतं घरातल्या भिंतीवरच्या दहा चार्जरचं.

आता यात इन्व्हर्टर आणा. २००० वॅटचा इन्व्हर्टर त्याला काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी बॅटरीतून साधारण १ ते २ अँपिअर खात बसतो. दीड धरला तर चोवीस तासांत ३६ अँपिअर-तास गेले. तुमच्या अख्ख्या घराचं चार्जिंग २७ आणि ते करण्यासाठी नुसता जागा राहिलेला इन्व्हर्टर ३६! ‘वापरताना चालू करू, मग बंद करू’ असं सगळे म्हणतात. तीन मुलं असलेल्या गाडीत ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मुलांना त्याबद्दल बोलण्यातही अर्थ नाही. त्यांनी फोन लावला, झोप लागली, झालं. शिवाय वीज दोनदा बदलावी लागते. बॅटरीतल्या बाराचे आधी २३० किंवा ११०-१२० करायचे, मग चार्जरने त्याचे पुन्हा ५ किंवा २० करायचे. प्रत्येक बदलात थोडी वीज गरम हवा होऊन निघून जाते, आणि भार कमी असला की मोठ्या इन्व्हर्टरचं प्रमाण आणखी वाईट होतं. १२ वॅटच्या फोनसाठी २००० वॅटचं यंत्र फिरवणं म्हणजे एका तांब्यासाठी विहिरीवर मोट जुंपणं.

एखादं उपकरण असं निघालंच की ज्याला भिंतीवरच्या प्लगशिवाय इलाज नाही, तर १५० ते ३०० वॅटचा, शुद्ध साईन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) छोटा इन्व्हर्टर ठेवा, हाताजवळ बटण असलेला. कॅमेऱ्याचा जुना चार्जर, दाढीचं मशीन, इतकंच त्याचं काम. स्वस्त ‘मॉडिफाइड’ साईन वेव्हवर काही चार्जर गुणगुणतात आणि तापतात, म्हणून तो नको.

तुम्हाला खरी गरज आहे ती बारा व्होल्टवर थेट चालणाऱ्या यूएसबी-सी पीडी सॉकेटची. पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी. यात उपकरण आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात आणि ५, ९, १५ की २० व्होल्ट हवेत ते ठरवतात. २० व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे १०० वॅट या पद्धतीने मिळतात. २०२१ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीने ती मर्यादा २४० वॅटपर्यंत नेली, पण तेवढ्याची तुम्हाला गरज नाही. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर त्याचा भिंतीत लावायचा जाडजूड चार्जर घरीच ठेवा. युरोपीय संघात २०२४ च्या डिसेंबरअखेर फोन आणि टॅब्लेटला यूएसबी-सी सक्तीचं झालं आणि लॅपटॉपसाठी त्यानंतर २०२६ च्या एप्रिलची तारीख ठरली. त्यामुळे नवी उपकरणं तशीही याच वाटेवर आहेत.

गाडीत आधीपासून असलेल्या यूएसबी सॉकेटवर मात्र फार भिस्त ठेवू नका. जुन्या सॉकेटवर ‘३.१ अँपिअर’ असं लिहिलेलं असतं. ते दोन्ही भोकांचं मिळून असतं, एकात २.१ आणि दुसऱ्यात १. एक अँपिअर म्हणजे ५ व्होल्टवर फक्त ५ वॅट. फोनचा पडदा पूर्ण उजेडात, नकाशा चालू, जीपीएस चालू आणि काचेतून ऊन येतंय अशा वेळी फोन स्वतःच जवळजवळ तेवढं खातो. ‘चार्जिंगला लावूनही फोन उतरत जातो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. फोन चांगला असतो, बॅटरीही चांगली असते, भोक चुकीचं निवडलेलं असतं.

दुसरा चोर केबल. बारीक, दोन मीटर लांब, कुठून तरी फुकट मिळालेली केबल सगळ्यांच्या घरात असते. आतल्या तारा २८ गेजच्या, म्हणजे फार बारीक, असतील तर १ मीटर लांबीत, जाऊन-येऊन, २ अँपिअरला जवळजवळ ०.८५ व्होल्ट वाटेतच संपतात. पाचातले ०.८५ गेले की फोन सावध होतो आणि स्वतःच कमी ओढायला लागतो. लॅपटॉपसाठी ६० वॅटच्या पुढे जायचं असेल तर ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. ती नसेल तर चार्जर १०० वॅटचा असूनही ६० वरच थांबतो. म्हणून निघण्याआधी सगळ्या केबल टेबलावर ओता, एकेक लावून बघा आणि सुस्त निघालेल्या घरीच सोडा. लॅपटॉपच्या केबलला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती मुलाच्या हेडफोनला लागलेली असेल.

आता वायरिंग. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आग लागते ती इथे.

बारा व्होल्टवर करंट मोठा असतो. १०० वॅट द्यायचे तर सॉकेटचं स्वतःचं नुकसान धरून बॅटरीतून सुमारे ९ अँपिअर येतात. १०० वॅटचे दोन सॉकेट एकदम चालले तर १८. समजा बॅटरीपासून सॉकेट ५ मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे वायर १० मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला ०.७४ व्होल्ट गळतात, १.५ च्या वायरीत १.२. संध्याकाळी बॅटरी भाराखाली १२.२ दाखवत असेल, तर १.५ च्या वायरीच्या टोकाला ११ च उरतात. काही सॉकेट बॅटरी वाचवण्यासाठी ११ च्या आसपास स्वतःहून बंद होतात. मग माणूस म्हणतो, सॉकेट खराब आहे. तुमच्या दोन सॉकेटसाठी ६ चौरस मिलिमीटरची एक मुख्य जोडी ओढा आणि तिच्या टोकाला छोटा फ्यूज बॉक्स बसवून तिथून प्रत्येक सॉकेटला २.५ ची छोटी वायर द्या. ६ च्या वायरीत तेवढ्याच अंतराला १० अँपिअरमागे ०.३१ व्होल्ट जातात, ते चालतं.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. वरच्या मुख्य वायरीला २५ अँपिअरचा, सॉकेटच्या प्रत्येक फाट्याला १५ चा. फ्यूज असतो वायर वाचवायला. तो सॉकेटजवळ लावला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली ५ मीटर वायर संरक्षणाशिवाय राहते. गाडी हलते, वायर पत्र्याच्या कडेवर घासते, एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं. एजीएम बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडते आणि वायर लाल होते. एका कुटुंबाची गाडी मी उघडली होती, कुणीतरी हौसेने काम केलेली. बिछान्याखाली वायरीचं आवरण वितळून फळीला चिकटलं होतं आणि त्या फळीवर मुलं झोपत होती. तेव्हापासून दुसऱ्याने केलेलं काम मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जोडत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाची कड झाकणारी कडी) घाला, दर हातभर अंतरावर क्लिपने बांधा, टोकांना क्रिम्प केलेले लग (दाबून बसवलेली धातूची टोकं) लावा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी चालत्या गाडीत टिकत नाही.

सिगारेट लायटरच्या गोल सॉकेटबद्दल एवढंच सांगतो की मोठ्या कामाला तो वापरू नका. त्यात प्लग स्प्रिंगच्या दाबावर धरलेला असतो. गाडीच्या हादऱ्यांनी तो सैल होतो, सैल झाला की टोक तापतं, आणि कधीकधी प्लास्टिक वितळतं. एखादा फोन चालेल. लॅपटॉप तासन् तास चालवायचा तर कायमचा बसवलेला पीडी सॉकेटच हवा. अशा नव्या सॉकेटला स्वतंत्र स्विच घ्या. त्यातला छोटा दिवा आणि व्होल्ट दाखवणारे आकडे काही मिलिअँपिअर सतत खातात. प्रवासात ते नगण्य असतं, पण गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की बॅटरी त्याच वाटेने रिकामी होते.

एका ठिकाणी सगळ्यांचं चार्जिंग असावं, हे माझं ठाम मत. गाडीत मध्यावर, जिथे कुणी झोपत नाही आणि ऊन पडत नाही, अशी एक उथळ उघडी फळी निवडा. खाली रबरी जाळी, मागे दोन पीडी सॉकेट आणि एक साधा चार भोकांचा यूएसबी. पडद्यामागे, बंद कपाटात, उशीखाली काहीही चार्ज होता कामा नये. लिथियम बॅटरी चार्ज होताना तापते आणि तिला हवा लागते. आणखी एक फायदा तुम्हाला पहिल्याच आठवड्यात जाणवेल. रात्री फोन फळीवर गेले की बिछान्यात फोन उरत नाहीत.

सॉकेटच्या पाटीवर १०० वॅट लिहिलेलं असलं तरी दोन उपकरणं लावली की तो सहसा वाटणी करतो, उदाहरणार्थ ६५ आणि ३०. आणि नवीन केबल खुपसली की वाटणी पुन्हा ठरवण्यासाठी सगळ्यांचा पुरवठा क्षणभर थांबतो. तुमच्या कामाच्या बैठकीत मुलं एकामागून एक फोन लावत-काढत राहिली तर लॅपटॉप दर मिनिटाला टुणटुण करेल. म्हणून लॅपटॉपला एक सॉकेट एकट्याचा ठेवा. मुलांच्या फोनना १२ वॅटचं साधं भोक भरपूर झालं. अडीच तासांत फोन भरतो आणि कमी तापतो.

इथवर आकडे आणि तारा झाल्या. पण तुमचे तीन आठवडे सुरळीत जायचे की नाहीत, हे मुख्यतः एका सवयीवर ठरेल: वीज गाडीत येत असते तेव्हाच चार्ज करायचं. ती येते दोन वेळा, इंजिन चालू असताना आणि ऊन असताना. बहुतेक कुटुंबं नेमकं उलट करतात. दिवसभर फोन वापरतात, रात्री नऊला सगळे एकदम लावतात, तेव्हा ना इंजिन ना ऊन, आणि सगळा भार बॅटरीवर येतो. दुपारी बॅटरी जवळजवळ भरलेली असते, तेव्हा पॅनेलची बरीचशी वीज सोलर कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला डबा) नाइलाजाने सोडून देत असतो. ती सोडली जाणारी वीजच फोनमध्ये घालायची.

उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी छतावर आडवं बसवलेलं १०० वॅटचं पॅनेल ३०० ते ४०० वॅट-तास देतं. तुमच्या उपकरणांची गरज ३२०. म्हणजे चांगल्या दिवशी एकटं पॅनेल चार्जिंग भागवतं. पण गाडी झाडाच्या गार सावलीत लावलीत तर हे सगळं गेलं. नुसत्या एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं, कारण पॅनेलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात. हिवाळ्यात, विषुववृत्तापासून दूर, तेच पॅनेल दिवसाला १०० वॅट-तासही देत नाही. त्या दिवसांत भरवसा इंजिनावर.

इंजिन चालू असताना घराची, म्हणजे राहण्याच्या भागाची, बॅटरी भरण्यासाठी डीसी-डीसी चार्जर (इंजिनाकडची वीज योग्य व्होल्टेजवर आणून देणारा) लागतो, आणि खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करा. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारी जनित्रं) इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मधूनमधून खाली आणतात, त्यामुळे जुन्या पद्धतीचा नुसता रिले लावला तर घराची बॅटरी अर्धवटच भरते. तुमच्या बॅटरीला २० अँपिअरचा चार्जर योग्य. दिवसाचे २७ अँपिअर-तास दीड तासाच्या प्रवासात परत येतात. मात्र शेवटचा पाचवा हिस्सा भरताना एजीएम हळूहळूच घेते, तिथे घाई चालत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी लांबचा टप्पा किंवा विजेची जोडणी असलेली एक रात्र धरा, म्हणजे बॅटरी काठोकाठ भरेल. लेड-ॲसिड बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं.

फोन आणि टॅब्लेटही शेवटचा भाग असाच हळू घेतात. ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने, पुढचे २० रेंगाळत. भोकं कमी आणि फोन जास्त असले की ८० ला काढून दुसरा लावा. सगळ्यांची गरज त्याच वेळात भागते आणि बॅटऱ्यांचं आयुष्यही वाढतं.

रात्रीसाठी एक चांगली पॉवर बँक ठेवा, तुमच्या घराला दोन. २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॅट-तास. व्होल्टेज बदलण्यात काही जातं आणि हातात साठेक येतात, तीन फोन पुरे. ‘५००० चे चार फोन भरतील’ हा हिशेब इथे फसतो. ती दुपारी पीडीवर भरा, रात्री वापरा. पुढे कधी मोटरहोम भाड्याने घेण्यासाठी विमानाने जाणार असाल तर लक्षात ठेवा: पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि साधारणपणे १०० वॅट-तासांपर्यंतची विनापरवानगी चालते.

ऊन आणि थंडी. बंद गाडीत उन्हात डॅशबोर्ड ६० अंशांच्या पुढे जातो. फोन, पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तिथे कधीही ठेवू नका. नकाशासाठी फोन काचेला लावत असाल तर एसीच्या झरोक्यासमोर लावा. तापला की तो चार्ज घेणंच थांबवतो. उलट बाजूला, शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये. आत लिथियमचा थर चढतो आणि तो परत उतरत नाही. रात्रभर सामानाच्या बाहेरच्या कप्प्यात राहिलेली पॉवर बँक सकाळी लगेच लावू नका, तासभर आत ऊबेत ठेवा. वायरलेस चार्जर मात्र गाडीत नकोच. वीज जास्त खातो, फोन तापवतो आणि वळणावर फोन घसरतो.

मुलांसाठी इंटरनेटचा राउटर नेणार असाल तर त्याच्याकडे नीट बघा. ६ ते ८ वॅट वाटतात क्षुल्लक, पण चोवीस तासांत १४४ ते १९२ वॅट-तास होतात, पाचही फोनपेक्षा जास्त. झोपताना तो बंद करण्याचं काम एका मुलाला नेमून द्या. रेंज क्षीण असलेल्या जागी फोनही टॉवर शोधत स्वतःला रिकामा करतात. नकाशे आधीच उतरवून घेतले आणि रात्री विमान मोड लावला तर फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतो.

इलेक्ट्रिक सायकलींचा विचार आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ५०० वॅट-तासांच्या एका सायकल-बॅटरीसाठी नुकसानासकट सुमारे ६०० वॅट-तास लागतात. तुमच्या एजीएमची वापरण्याजोगी पूर्ण क्षमताच तेवढी आहे. सायकली फक्त विजेच्या जोडणीवर चार्ज करा. जोडणीच्या जागी इतर उपकरणांची सवय मात्र बदलू नका. तेच बारा व्होल्टचे सॉकेट वापरा, गाडीतला चार्जर बॅटरी आपोआप भरत राहतो. काही जागी जोडणीच्या खांबावर ६ अँपिअरच मिळतात; २३० व्होल्टला ते १३८० वॅट होतात आणि पाणी तापवायची किटली एकटी २००० मागते. जोडणीची वीज अचानक गेली तर आधी किटलीकडे बघा.

हे सगळं चालतंय की नाही ते कळायला शंटवर (बॅटरीच्या वायरीत बसवलेल्या मोजपट्टीवर) चालणारा बॅटरी मॉनिटर बसवा. तो आत आलेले आणि बाहेर गेलेले अँपिअर मोजतो. नुसत्या व्होल्टवर जायचं तर बॅटरी काही तास विसावलेली असताना साधारण १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी. भार चालू असताना हे आकडे फसवतात. पुढे कधी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतलीत तर मॉनिटर नसेल तर काहीच कळणार नाही, कारण तिचा व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास सपाट राहतो.

सासूबाईंचं सीपॅप यंत्र मी मुद्दाम वेगळं ठेवलं, कारण फोन उतरला तर गैरसोय होते, हे बंद पडलं तर माणसाला त्रास होतो. या यंत्रात मोटर कमी खाते आणि पाणी तापवणारा ह्युमिडिफायर व तापणारी नळी खूप खातात. दोन्ही चालू असतील तर ५० वॅटच्या आसपास, आठ तासांचे ४०० वॅट-तास, म्हणजे ३३ अँपिअर-तास. ते तुमच्या बॅटरीला इतर सगळ्यासकट झेपणार नाही. दोन्ही बंद ठेवले तर बहुतेक यंत्रं १० ते २० वॅटमध्ये चालतात, रात्रीचे ७ ते १३ अँपिअर-तास. तापवणं बंद ठेवणं सासूबाईंना चालेल का, हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तरी निघण्यापूर्वी आठवडाभर घरीच तसं झोपून बघू द्या, घसा कोरडा पडतो का ते कळेल.

यंत्राच्या मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघा. काही १२ वर थेट चालतात, काहींना २४ लागतात. २४ चं असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलसाठीचा डीसी ॲडॅप्टर घ्या. त्या यंत्राला मुलांच्या फळीवरून वीज देऊ नका. फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र फ्यूजची स्वतंत्र वायर त्यांच्या बिछान्यापर्यंत न्या, म्हणजे कुणाच्या खराब केबलने फ्यूज उडाला तरी त्यांची झोप मोडणार नाही. राखीव म्हणून ३०० वॅट-तासांचा एक पॉवर स्टेशन डबा (मोठी पॉवर बँकच) गाडीत ठेवा. मात्र त्यावर यंत्र चालवताना तोच डीसी ॲडॅप्टर जोडा. डबा प्रवासात चार्ज होत राहील, आणि पाऊस लागून गाडी जागची हलली नाही तरी तापवणं बंद ठेवून सासूबाईंच्या एक-दोन रात्री त्यात आहेत.

जोडणी पूर्ण झाली की एक रात्र गाडी घरासमोर उभी करून, विजेची केबल न लावता, सासूबाईंना यंत्रासकट आत झोपू द्या आणि सोबत तुमच्यापैकी कुणीतरी राहा. झोपताना आणि उठल्यावर मॉनिटरचा आकडा लिहून ठेवा. फरक १५ अँपिअर-तासांच्या आत आला तर निघा. जास्त आला तर आधी ह्युमिडिफायर खरंच बंद होता का ते बघा. काही यंत्रांत तो सेटिंगमधून वेगळा बंद करावा लागतो, नुसतं पाणी न भरल्याने होत नाही.